केशरी बाटली आणि चौदा नावं

तलासरीच्या बाजारामागे, भातगिरणीच्या पलीकडे, दोन खोल्यांचं एक नेत्रकेंद्र आहे. एक ट्रस्ट ते चालवतं. डॉक्टर कविता मॅडम दर गुरुवारी डहाणूहून येतात. बाकीचे दिवस तिथे चिमणभाई एकटेच असतात. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूची माणसं हुडकून डहाणूला पाठवायची, डोळ्यात गेलेलं कुसळ काढायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं ते हेच करत आले.

चिमणभाईंचा जन्म विवळवेढ्याच्या डोंगराखालच्या एका पाड्यातला. घरची भात-नागलीची शेती. पाड्यातून सायन्सला गेलेला पहिला पोरगा तो. पुढे मुंबईत दोन वर्षांचा नेत्रसहाय्यकाचा कोर्स केला आणि बरोबरचे तिथेच राहायच्या गोष्टी करत असताना सरळ इकडे परत आला. बायको संगिता सात वर्षांपूर्वी काविळीने गेली. एकुलती मुलगी शितल लग्न होऊन सिल्वासाला. तेव्हापासून भाई तलासरीत भाड्याच्या एका खोलीत राहत होते. रविवारी केंद्राला सुट्टी असायची, तरी ते किल्ली घेऊन यायचे, तपासणीच्या यंत्राची भिंगं पुसायचे, रजिस्टरच्या रेघा आखून ठेवायचे आणि दुपारी कुलूप लावून जायचे. खोलीवर बसून तरी काय करायचं?

त्यांच्या हाताला नाव होतं. कुसळ काढताना माणसाला कळायचंही नाही. आणि कुसळ निघाल्यावर बुबुळाला ओरखडा पडलाय का, हे बघायची एक साधी रीत होती. कागदाची बारीक पट्टी, टोकाला केशरी रंग. ते टोक सलाईनच्या थेंबाने ओलं करून खालच्या पापणीच्या आत जरासं टेकवायचं, रोग्याला डोळा मिटायला-उघडायला सांगायचं आणि निळा उजेड टाकायचा. बुबुळ धड असेल तर काही दिसत नाही. ओरखडा असेल तर तेवढीच रेघ हिरवीगार चमकते. प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात बंद, एका माणसाला एक, वापरली की टाकून द्यायची.

त्या वर्षी कार्तिकात झोडणी जोरात सुरू झाली. भाताची कणसं आपटली की कुसळं उडतात, आणि रोज चार-पाच माणसं डोळा चोळत केंद्राच्या पायरीवर येऊन बसायला लागली. गुरुवारी संध्याकाळी चिमणभाईंनी कपाट उघडलं तर पट्ट्या उरल्या होत्या तीन. मागणी त्यांनी दोनदा पाठवली होती. डहाणूहून निरोप आला, पुढच्या महिन्यात माल येईल, तोवर भागवा.

मग भाईंनी भागवलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी थेंबांच्या औषधाची एक रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुतली, तिन्ही पट्ट्यांची टोकं कापून आत टाकली, वरून सलाईन ओतलं आणि झाकण लावून हलवली. पिवळसर केशरी पाणी तयार झालं. एकाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिला. निळ्या उजेडात ओरखडा अगदी झकास दिसला. भाई स्वतःशीच हसले. कोर्सला असताना शिकवलं होतं की हा रंग बाटलीत करून ठेवायचा नसतो. पण ते कधीचं! बाटली स्वच्छ होती, हात स्वच्छ होते आणि बाहेर माणसं खोळंबली होती.

ती बाटली शुक्रवारी चालली, शनिवारी चालली, रविवारी टेबलावर तशीच राहिली, सोमवारी-मंगळवारी पुन्हा चालली.

बुधवारी सकाळी केंद्र उघडतंय तोच रोशनी आली. ही घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जाणारी एकोणीस वर्षांची मुलगी. सुट्टी घेऊन घरच्या झोडणीला आली होती. सोमवारी भाईंनी तिच्या डोळ्यातून कुसळ काढलं होतं. बारीक ओरखडा होता, दोन दिवसांत भरला असता. आता तिचा डोळा सुजून बंद झाला होता आणि पापण्यांच्या फटीतून हिरवट पू येत होता.

“घरी काय घातलंस डोळ्यात?” भाईंनी विचारलं. “पाल्याचा रस? खरं सांग, मी रागावणार नाही.”

“काय पण नाही घातलं. तुम्ही दिलेलं औषध तेवढं. आणि तुम्ही इथे घातलात तो थेंब.”

भाईंचा विश्वास बसला नाही. घरचे उपाय लोक लपवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोळा धुतला, पाहिला. बुबुळावर पांढरट, भिजल्यासारखा डाग होता. दोन दिवसांत एवढं? ते मनाशी काही जुळवत होते तेवढ्यात दारात नविन उभा राहिला. हा ट्रॅक्टर चालवायचा. तोही सोमवारचाच. एका हाताने त्याने डोळा दाबून धरला होता. तसाच पू, तसाच डाग.

भाईंनी टेबलाकडे पाहिलं. बाटली होती तिथेच होती, अर्धी भरलेली.

मोरी दोन पावलांवर होती. झाकण उघडून बाटली ओतली असती, नळाखाली धरली असती, तर काम संपत होतं. झोडणीच्या दिवसांत डोळे येतातच, कोणी शंकाही घेतली नसती. नंतर पुष्कळ दिवस भाईंना आठवत राहिलं की आपण मोरीपाशी जाऊन उभे राहिलो होतो. किती वेळ, ते मात्र त्यांना सांगता येत नाही. रोशनी आतून म्हणाली, “भाई, लई ठणकतं हो,” तेव्हा ते मागे फिरले. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि कविता मॅडमना फोन लावला.

“मॅडम, माझ्या हातून चूक झालीय.”

त्यांनी सगळं सांगितलं.

“किती जणांना घातलंत त्या बाटलीतून?”

भाईंनी रजिस्टरवर बोट फिरवलं. “चौदा.”

“चिमणभाई, त्या रंगाच्या पाण्यात एक जंतू फार भराभर वाढतो. डोळा धड असेल तर तो बहुधा आत शिरत नाही. पण ओरखडा असेल तर दोन दिवसांत बुबुळ खाऊन टाकतो. पट्ट्या सुक्या आणि एकेकट्या का ठेवतात? त्यासाठीच. या दोघांना आत्ताच्या आत्ता घेऊन या. बाटलीपण आणा. आणि बाकीचे बारा शोधा. एकही सोडू नका.”

भाईंनी बाजारातून एक इको गाडी ठरवली आणि दोघांना मध्ये बसवून डहाणू गाठलं. वाटेत रोशनीने विचारलं, “डोळा जाईल काय माझा?” भाई म्हणाले, “वेळेत चाललोय.” याहून जास्त बोलायचं धाडस त्यांना झालं नाही.

गुरुवारी उजाडताच ते बाकीच्यांच्या शोधात निघाले. मोबाईल होते त्यांना फोन केले, नव्हते त्यांच्याकडे स्वतः गेले. प्रत्येक दारात तेच बोलायचं होतं. पहिल्या दारात वाक्य दोनदा सुरू करावं लागलं, तिसऱ्या दारापर्यंत ते आपोआप यायला लागलं आणि तेच त्यांना जास्त बोचलं.

“मी तुमच्या डोळ्यात जो थेंब घातला तो खराब होता. चूक माझी आहे. डोळा बघू द्या.”

कोणी हसून म्हणालं, काही नाही झालं भाई, जा तुम्ही. एका म्हाताऱ्याने चहा पाजला. एका घरात बाई आतूनच ओरडली की आता परत हात लावायचा नाही. तिच्या नवऱ्याचा डोळा त्यांनी लांबूनच पाहिला, ठीक होता. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. अकराही डोळे निवळ.

बाराव्या नावापुढे लिहिलं होतं: तानी, वय पासष्ट, झरी. मंगळवारची. ओरखडा मोठा. बस, एवढंच. पाड्याचं नाव लिहायचं राहिलं होतं. मंगळवारी गर्दी होती. रजिस्टर त्यांचं, अक्षर त्यांचं.

शुक्रवारी सकाळी झरी गावात तानी नावाच्या तिघी निघाल्या. एक खळ्यावर भात झोडत होती, ठणठणीत. दुसरी चाळिशीची, केंद्रात कधी आलेलीच नव्हती. तिसरीचं घर शेवटच्या पाड्याच्याही पुढे, ओहोळापलीकडे, एकटंच होतं. “ती म्हातारी एकलीच असते,” वाटेत एक बाई म्हणाली. “दोन-चार दिवस दिसली नाय खरी.”

कुडाचं घर. दार नुसतं लोटलेलं. भाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतून आवाज आला, “कोण?”

आत तानीबाय भिंतीला टेकून बसली होती. पदराचं टोक ओलं करून तिने डोळ्यावर धरलं होतं. चुलीत राख थंड झालेली. बाजूला पाण्याचा हंडा, तोही रिकामा.

“बाय, मी तलासरीचा. दवाखान्यातला.”

“आलास काय? तू म्हणालास, दोन दिवसांनी बरं वाटेल. दोन दिवस झाले म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघत होती.”

भाईंनी तिचा हात हलकेच बाजूला केला. पापण्या उघडल्या आणि लगेच मिटू दिल्या. सव्वीस वर्षांच्या नजरेला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही.

ओहोळापर्यंत गाडी येत नव्हती. झोडणीवरचे दोन पुरुष आले आणि तिघांनी मिळून तिला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणलं. गाडीत भाईंनी तिलाही तेच सांगितलं. थेंब खराब होता, चूक माझी. ती पदर डोळ्यावर दाबून कण्हत राहिली. दुखण्यापुढे तिला ते ऐकूच गेलं नसावं, असं त्यांनी मनाला समजावलं.

डहाणूला तपासणीत बाटलीतला आणि तिघांच्या डोळ्यांतला जंतू एकच निघाला. रोशनीचा डोळा वाचला, बुबुळावर एक फिकट वण राहिला. नविन महिन्याभरात ट्रॅक्टरवर बसला. तानीबायचं बुबुळ फुटता फुटता राहिलं, पण पांढरं झालं. त्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड आणि काळोख कळायचा.

ट्रस्टने चौकशी केली. लांबलचक टेबलामागे तिघे बसले होते. “बाटली कोणाच्या सांगण्यावरून केलीत?” त्यांनी विचारलं. भाई म्हणाले, “कोणाच्याच नाही.” कविता मॅडम उठून म्हणाल्या की मागणी दोनदा आली होती, ‘भागवा’ हा निरोप आपल्याकडूनच गेला होता, तोही कागदावर घ्या. घेतला. तानीबायच्या डोळ्यांचं पुढचं सगळं ट्रस्टने अंगावर घेतलं. चिमणभाईंना तीन महिने कामावरून दूर ठेवलं.

ते तीन महिने कसे गेले, हे शितललाही नीट माहीत नाही. ती फोनवर म्हणायची, “बाबा, सिल्वासाला या. इथे तुम्हाला कोण ओळखतंय?” भाई म्हणायचे, “बघू.” पण जायचे नाहीत. बाजारात जायची वेळ त्यांनी बदलली, दुपारच्या टळटळीत उन्हात जायचे, तेव्हा माणसं कमी असायची. पूर्वी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्यांना तास लागायचा. जो तो थांबवून डोळा दाखवायचा. आता पाच मिनिटांत परत. कोणी शिवी दिली नाही, कोणी अडवलं नाही. नजर मात्र जो तो दुसरीकडे वळवायचा. फेब्रुवारीत कामावर परतले, तरी पायरी रिकामीच असायची. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला ते गेले, आपल्याच गावची जत्रा, तर पाळण्याजवळ एक बाई दुसरीला म्हणाली, “तो बघ, बाटलीवाला.” भाईंनी देवीला लांबूनच हात जोडले आणि परतीची गाडी धरली.

एकाच घरी ते न चुकता जायचे. दर रविवारी, औषध घेऊन, झरीला. केंद्रातली भिंगं पुसायची राहिली तरी चालेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला तानीबाय डोळा पुढे करायची, ते औषध घालायचे, ती तोंड फिरवायची. असे कितीतरी रविवार गेले. मग पावसाळ्याच्या तोंडावर एकदा ती अचानक म्हणाली,

“माझा डोळा तू घेतलास.”

“हो बाय.”

“हंऽ.” तिने बराच वेळ जमीन उकरली. “या बाजूचं मला दिसत नाय. कोंबड्या सगळ्या आत आल्यात काय बघ.”

भाई उठले, घराला फेरी मारली. एक तपकिरी कोंबडी कुंपणात अडकली होती, ती सोडवून आत घातली. त्या दिवसापासून हेही त्यांचं काम झालं. औषध घालायचं, कोंबड्या बघायच्या, हंडा भरायचा. गप्पा अशा नव्हत्याच. तिचा नवरा आणि मुलगा कधीचे गेले होते. बारकी नावाची मुलगी लग्न होऊन लांब होती, वर्षातून एकदा यायची. भाईंनी संगिताबद्दल तिला कधी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दारात ती एका बाजूला बसायची, ते दुसऱ्या बाजूला.

केंद्रात प्रत्येक पट्टी पूर्वीसारखीच वेगळ्या पाकिटातून यायची आणि आता सलाईनही एका माणसापुरतं, छोट्या नळीत. भाई पाकीट रोग्याच्या हातात द्यायचे. “बघा, बंद आहे ना? तारीख वाचा.” मग त्याच्यासमोर फाडायचे, एकाच डोळ्याला लावायचे, पट्टी आणि नळी दोन्ही डब्यात टाकायचे. दुसरा डोळा बघायचा असेल तर दुसरी पट्टी. पट्ट्या संपल्या तर ही तपासणी बंद. एकदा चैत्या नावाचा शेतकरी भर दुपारी तडकला. “एवढ्यासाठी मला डहाणूला पाठवता? नुसतं डोळ्यानं बघून सांगा की!” भाई म्हणाले, “नाही सांगणार. गाडी मी बघून देतो.” चैत्या बडबडत गेला. माणसं पुन्हा हळूहळू यायला लागली होती, कारण जवळ दुसरं काही नव्हतं. यायची, पाकिटाकडे टक लावून बघायची, काम झालं की उठून जायची. पूर्वीसारखं टेकून बसणारं कोणी उरलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तानीबायच्या उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला; त्या डोळ्याने तिला आधीपासूनच माणसं धुरकट दिसायची. तिला भाकरी थापताना तवा दिसेना. कविता मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन केलंच पाहिजे, नाहीतर ती पूर्ण आंधळी होईल. गावातल्या आशा सेविका जाऊन आल्या, ट्रस्टची माणसं जाऊन आली. तानीबाय एकच म्हणायची, “एक दिला तुम्हाला. दुसरा नाय देणार.”

रविवारी भाईंनी विषय काढलाच नाही. औषध घातलं, कोंबड्या पाहिल्या, जायला निघाले. तेव्हा तिनेच विचारलं.

“तू सांग. करू काय?”

“मी कसा सांगू, बाय? मला तोंड आहे काय?”

“तुलाच विचारते. तू खोटा असतास तर त्या दिवशी इथे आलाच नसतास. मी इथेच पडून राहिली असती.”

भाई पुन्हा उंबऱ्यावर बसले. ऑपरेशनात काय करतात, काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय, एकच डोळा असलेल्या माणसाला धोका कसा जास्त जड जातो, सगळं त्यांनी तिला जसं आहे तसं सांगितलं. काही झाकलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू येशील?”

“मी आत नाही जाऊ शकत. बाहेर बसेन.”

“मग बाहेर बस.”

ऑपरेशनच्या दिवशी डहाणूच्या इस्पितळात भाई सकाळी आठपासून बाकावर बसून होते. मॅडमनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही कप गार झाले. अकराच्या सुमारास तिला बाहेर आणलं, डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडताना मॅडमनी भाईंना जवळ बोलावलं. तानीबायने डोळा किलकिला केला, छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग समोर उभ्या माणसाकडे बघत राहिली.

“तू चिमण?”

“हो, बाय.”

“आवाजावरनं वाटायचं, पोरगाच आहेस. तू तर म्हातारा झालास की रे!”

खोलीतली सगळी हसली. मॅडमही हसल्या. भाईंना हसता आलं नाही. मान खाली घालून त्यांनी खिशातली थेंबांची चिठ्ठी काढली आणि किती वेळा, कोणत्या बाटलीतून, ती बाटली किती दिवसांनी फेकायची, हे तिला तीन-तीनदा म्हणायला लावलं.

दुपारी झरीकडच्या रोग्यांना सोडायला ट्रस्टची जीप निघाली. बारकी आईला न्यायला आली होती. ती या वेळी महिनाभर राहणार होती. आता रविवारी कोणी जायची गरज नव्हती, थेंब तीच घालणार होती. जीप गच्च भरली. तानीबाय पुढे बसली होती आणि काचेतून रस्ता, झाडं, समोरची दुकानं, सगळं अधाशासारखं बघत होती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

चिमणभाई एस.टी. स्टँडकडे चालत निघाले. तलासरीची गाडी लागायला पाऊण तास होता. बाकावर जागा होती, ते बसले. शितलचा फोन आला. “कसं झालं, बाबा?”

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “दिसायला लागलं तिला.”

“मग आता रविवारी काय करणार? इकडे या ना.”

“या रविवारी येतो,” भाई म्हणाले. “‘बघू’ नाही म्हणालात?” शितलने विचारलं आणि लगेच सिल्वासाची सकाळची गाडी कितीला सुटते ते सांगायला लागली.